पिल्लू बघायला जाताय? आधी वेत मोजा

फोन लावला की सगळे पहिला प्रश्न किमतीचा विचारतात, दुसरा रंगाचा. मीही तेच केलं होतं. हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपावर गाडीच्या डिकीतल्या खोक्यातून लॅब्रॅडोरचं पिल्लू आमच्या हातात पडलं. सोबत "दोन महिन्यांचं आहे, एक इंजेक्शन झालंय" एवढी माहिती आणि जवळजवळ कोरं कार्ड. तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण, सहाव्या दिवशी पहाटे पिल्लू गेलं. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा विषाणू. सलाईन लावताना डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून मला दाखवलं होतं. पुढचे दात नुकते कुठे वर आलेले, दाढांचा पत्ता नाही. जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. मग त्यांनी विचारलं, "एका वेताची किती होती? बाकीची कशी आहेत?" दोन्ही प्रश्नांवर मी गप्प.

त्यानंतर पुण्यात धायरीला मामीकडे तिच्या राणी कुत्रीचं बाळंतपण जवळून पाहिलं आणि ओळखीपाळखीतल्या पाचसहा घरांसाठी पिल्लं बघायला गेले. आता मी किंमत सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते ते हे: किती झाली, किती राहिली, आणि आई कुठे आहे? खरं तर पिल्लू निवडायचं नसतंच. निवडायचं असतं ते वेत. वेत चांगलं असेल तर त्यातलं कुठलंही पिल्लू घरी आणलं तरी फारसं बिघडत नाही. वेतच वाईट असेल तर त्यातलं सगळ्यात गोंडस पिल्लू निवडूनही उपयोग नाही.

एका वेताला किती?

नॉर्वेत 224 जातींच्या दहा हजारांहून जास्त वेतांची मोजदाद करून 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या जाती मिळून सरासरी निघाली 5.4 पिल्लं. मात्र या सरासरीवर विसंबून राहू नका, कारण खरा फरक अंगाच्या आकाराने पडतो. अगदी छोट्या जातींना साडेतीनच्या आसपास, मोठ्या जातींना सातच्या आसपास. आपल्याकडेही तसंच दिसतं. पॉमेरेनियनला दोनतीन, शित्झू नि पगला तीन ते पाच, बीगलला पाचसहा, आणि लॅब, गोल्डन, शेफर्ड, रॉटवायलर यांना सहा ते दहा. टोकाचं उदाहरण इंग्लंडमधलं: 2004 साली टिया नावाच्या निआपोलिटन मॅस्टिफ कुत्रीला सिझेरियन करून 24 पिल्लं झाली. तो विक्रम झाला. तुम्हाला कोणी लॅबची चौदा पिल्लं झाल्याचं सांगितलं तर ते अशक्य नाही, पण मग पुढचा प्रश्न विचारायला हवा: सगळी दूध प्यायली कशी?

त्याच जातीत कमीजास्त होतं ते प्रामुख्याने आईमुळे. स्त्रीबीजं किती सुटली यावर वरची मर्यादा ठरते, आणि ती मादीची गोष्ट. "आमचा मेल जबरदस्त आहे, हमखास दहा देतो" हे वाक्य पुण्यात फार ऐकू येतं. नराचं वीर्य अशक्त असेल किंवा जोड चुकीच्या दिवशी लागली असेल तर आकडा कमी होतो, हे खरं. पण नर कितीही दांडगा असला तरी सुटलेल्या बीजांपेक्षा जास्त पिल्लं तो आणणार कुठून?

वयाचाही हिशेब आहे. पहिलटकरणीला साधारणपणे थोडी कमी होतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षात आकडा सगळ्यात चांगला येतो, पाचसहा वर्षांनंतर तो उतरतो आणि मेलेली पिल्लं निघण्याचं प्रमाण वाढतं. बहीण-भाऊ, बाप-लेक अशा जवळच्या नात्यात जोड लावली तरीही वेत आक्रसतं. मोठ्या जातीला सलग दोन वेतांत दोनतीनच पिल्लं झाली असतील तर घरातल्या घरात प्रजनन चाललंय का, हे विचारायला लाजू नका.

जोड लावायच्या दिवसाचंही तेच. "माजाच्या नवव्या दिवशी क्रॉस करा" हा पाठ सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण कुत्रीचं बीज सुटतं तेव्हा ते कच्चं असतं, पिकायला आणखी दोनतीन दिवस जातात. कुणाचा योग्य दिवस नववा असतो, कुणाचा पंधरावा. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी केली की तो दिवस नेमका कळतो. नराचे शुक्राणू मादीच्या पोटात पाचसहा दिवस टिकू शकतात, त्यामुळे एकाच वेतात दोन बापांची पिल्लं निघू शकतात. माजावर असलेली कुत्री पार्किंगमधून दहा मिनिटं सटकली असेल, तर "प्युअर लॅब" वेतातली दोन पिल्लं हळूहळू वॉचमनच्या मोत्यासारखी दिसायला लागतात. ब्रीडरने फसवलंच असेल असं नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांचं गणित मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. भाद्रपद आपल्या भाषेतच बसलाय. पावसाळा सरता सरता माज, त्रेसष्ट दिवसांचं गाभणपण, आणि मग दिवाळीनंतर थंडीच्या तोंडावर प्रत्येक सोसायटीच्या जिन्याखाली चारपाच पिल्लं. त्यातली थोडीच उरतात. पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या पिल्लांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2016 साली आला, त्यात सात महिन्यांपर्यंत पोचलेली पिल्लं साधारण पाचातलं एक होती. देशी पिल्लू दत्तक घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, पण घाई करून महिन्याच्या पिल्लाला आईपासून उचलू नका. खाली पोतं टाका, आईला खायला घाला, आणि आठ आठवडे झाले की वर आणा. आईची नसबंदी करून घेण्याचा फोनही त्याच आठवड्यात करा.

आकड्यावरून काय ओळखायचं

फोनवर "किती झाली?" विचारलं की नीट ब्रीडर लगेच सांगतो: "आठ झाली, एक मेलेलं निघालं, एक तिसऱ्या दिवशी गेलं, सहा आहेत." हे उत्तर चांगलं आहे. नवजात पिल्लांतली एकदोन जाणं दुर्दैवाने सर्रास घडतं, आणि जो सांगतो तो मोजत होता हे तुम्हाला कळतं. "सगळी एकदम फर्स्ट क्लास, किती पाहिजेत?" म्हणणाऱ्यापासून मात्र जपून. त्याच्याकडे बहुधा चार ठिकाणची पिल्लं एकत्र आलेली असतात, आणि चार ठिकाणचे आजारही.

खूप मोठं वेत असेल तर शेवटच्यांना पुरेसा चीक मिळाला का, हा मुद्दा. कुत्रीला बहुतेक आठ ते दहा सड असतात, मागचे जास्त दुधाळ. दहा पिल्लं असतील तर पोटात जागा कमी पडल्याने प्रत्येकाचं जन्मवजनही कमी असतं. जन्मानंतरच्या पहिल्या 24 तासांत पोटात गेलेला चीकच त्यांना आईची प्रतिकारशक्ती देतो, नंतर आतडं तो शोषून घेत नाही. म्हणून मोठ्या वेताच्या मालकाला विचारा, वरचं दूध दिलं का, कोणतं, आणि पाळीपाळीने पाजलं का.

एकट्या पिल्लाचं दुखणं वेगळंच. बाळंतपण सुरू करण्याचा इशारा पिल्लांकडून जातो. एकच असेल तर तो अपुरा पडू शकतो, पिल्लू आत वाढत राहतं आणि सिझेरियनवर वेळ येते. पुढेही त्याला दूध भरपूर, पण चावलं की केकाटणारा भाऊ नाही. दात किती जोरात लावायचे हे भावंडांकडूनच शिकायचं असतं. असं पिल्लू घेणार असाल तर हातांना ओरखडे पडण्याची तयारी ठेवा आणि त्याच्या वयाची लस झालेली दुसरी पिल्लं खेळायला शोधा.

घरचीच कुत्री गाभण असेल तर

हा भाग मी लांबवणार आहे, कारण माहितीअभावी पिल्लं सगळ्यात जास्त इथेच जातात.

पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीत गाभण आहे का हे कळतं, पण आकडा मात्र सोनोग्राफीत फसवा निघतो. पंचावन्न दिवसांनंतर एक्सरे काढा. तोवर हाडं दिसण्याइतकी घट्ट झालेली असतात, डोकी आणि कणे मोजता येतात. हा एक्सरे हौस म्हणून काढायचा नाही. आत सात आहेत हे माहीत असेल तर पाचव्यानंतर कुत्री शांत झोपली तरी तुम्ही झोपत नाही.

राणीच्या एक्सरेत सात डोकी दिसली होती. डिसेंबर होता, धायरीत रात्री चांगलीच थंडी. मामाने खोलीच्या कोपऱ्यात लाकडी खोकं केलं, आतून कडेला हाताच्या उंचीवर पट्टी ठोकली, म्हणजे आई भिंतीला रेलली तरी मागे सापडलेलं पिल्लू चिरडत नाही. एका टोकाला दिवा टांगला, दुसरं टोक गार ठेवलं. नवजात पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती 29 ते 32 अंश सेल्सिअस लागतात, आणि गार पडलेलं पिल्लू दूध पचवू शकत नाही.

साठाव्या दिवसापासून मामी दिवसातून दोनदा राणीचं तापमान घेत होती. नेहमीचं 101 ते 102 फॅरनहाइट. एका संध्याकाळी ते 98.6 वर आलं. 99 च्या खाली घसरलं की साधारण चोवीस तासांत बाळंतपण, हा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर येतो. रात्रभर राणी धापा टाकत जुनी चादर फाडत राहिली. पहाटे साडेचारला पहिलं पिल्लू आलं. तिने वेष्टण चाटून काढलं, नाळ तोडली, वार (प्लॅसेंटा) खाल्ली. आम्ही फक्त मोजत होतो: प्रत्येक पिल्लामागे एक वार यायला हवी, नाही आली तर लिहून ठेवायचं. नंतर अर्ध्या-पाऊण तासाने एकेक.

पाचव्यानंतर राणी निवांत झोपली. तास झाला, दीड तास झाला. मामी म्हणाली, "झालं गं बहुतेक." मामाने कपाटावरचा एक्सरे खाली काढला आणि डॉक्टरांना फोन लावला. सहावं आलं ते पावणेदोन तासांनी, सातवं त्याच्या पाठोपाठ.

डॉक्टरांकडे निघायचं कधी, हे भिंतीवर चिकटवून ठेवा. जोरकस कळा अर्धा तास चालल्या आणि पिल्लू नाही. आत पिल्लं शिल्लक आहेत आणि दोन तास काहीच नाही. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट काळं पाणी गेलं. तापमान उतरून चोवीस तास झाले तरी कळा नाहीत. यातलं एक जरी घडलं तरी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. रात्री खरोखर कोण उचलतं आणि सिझेरियन कोण करतं, हे पन्नासाव्या दिवशीच फोन करून नक्की करून ठेवा. पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग यांच्या बाबतीत तर बहुतेकदा सिझेरियनची तारीखच ठरवावी लागते. मोठी डोकी, अरुंद कमर.

मामीने सात रंगांची लोकर आणली होती. प्रत्येकाच्या गळ्यात सैल धागा, स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता. सगळ्यात मोठा लाल, 440 ग्रॅम. सगळ्यात बारका हिरवा, 290. गंमत म्हणजे हिरवा तिसरा जन्मलेला. बारक्याला आपण शेंडेफळ म्हणून मोकळे होतो, पण आकार ठरतो तो आत वारेची जागा कशी मिळाली यावर, जन्माच्या क्रमावर नाही. पहिल्या दिवशी थोडं वजन उतरलं तर चालतं, दुसऱ्या दिवसापासून रोज वाढलंच पाहिजे आणि आठदहा दिवसांत जन्मवजन दुप्पट. चौथ्या दिवशी हिरव्याचा आकडा जिथल्या तिथे राहिला. मामी त्याला दर दोन तासांनी मागच्या सडाला लावत होती, लालूला उचलून बाजूला. पाचव्या दिवशी 25 ग्रॅम वाढले. डोळ्यांना ते दिसलंच नसतं, काट्याने सांगितलं.

वरचं दूध द्यायची वेळ आली तर पिल्लांसाठीची पावडर आणा. कुत्रीच्या दुधात फॅट आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, गाईच्या दुधावर पिल्लू भरत नाही आणि हगवण लागते. पाजताना पोटावर ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

एक तक्रार. गाभणपणात कॅल्शियमच्या बाटल्या ओतायची आपल्याकडे फार हौस. त्याने शरीराची स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायची सवय सुस्तावते, आणि व्यायल्यावर दोनतीन आठवड्यांनी, दूध ऐन भरात असताना, कुत्री थरथरायला लागते, ताठ चालते, झटके येतात. छोट्या जातीत पिल्लं जास्त असतील तर धोका जास्त. तेव्हा पिल्लं बाजूला करून तडक दवाखाना. गाभणपणात चांगलं पपी फूड द्या, कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितलं तरच.

बघायला जाल तेव्हा

जायचं ते त्यांच्या घरी. पेट्रोल पंप नको, मॉलचं पार्किंग नको, "अर्ध्या रस्त्यात भेटू" तर नकोच. पिल्लं पाच आठवड्यांची असताना एकदा आणि आठ आठवड्यांची झाल्यावर एकदा, अशा दोन फेऱ्या मारा. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे. 2017 साली केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीचे नियम केले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी दीड वर्षाच्या आधी आणि आठ वर्षांनंतर वापरायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही आणि आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. फोनवर "आईचं हे कितवं वेत?" एवढंच सहज विचारा. चांगल्याला राग येत नाही.

"काका, आई बघायला मिळेल का?" यावर "ती गावाला आहे", "ती चावते", "ती माझ्या मित्राकडे असते" यांपैकी काहीही ऐकू आलं तर चहा पिऊन परत या. आई दिसली की तिच्याकडे नीट बघा. पिल्लं पाजणारी कुत्री थोडी ओढलेली, केस गळालेली दिसणारच. पण ती माणसांपासून दबून कोपऱ्यात सरकत असेल, तर तिची भीती पिल्लांतही उतरलेली असू शकते. बाप बाहेरचा असेल तर ठीक. लॅब-शेफर्डच्या बाबतीत दोघांच्या खुब्यांचे एक्सरे मागा. दाखवणारे कमी भेटतील, पण खुब्याचा दोष रक्तातून येतो आणि आठ आठवड्यांच्या पिल्लात तो दिसत नाही.

आत शिरल्यावर आधी वास घ्या. ताजी शी आणि फिनेलचा वास चालतो. जुन्या लघवीचा आंबूस दर्प म्हणजे पिल्लं त्यातच वाढलीत, आणि अशा पिल्लांना जागेवर शी-सू शिकवणं महाकठीण.

मग पंधरा मिनिटं हात न लावता बसा. पिल्लं जेवायच्या आधी जागी असतात तेव्हाची वेळ मागून घ्या. सगळी साधारण एकाच मापाची आहेत का? एक फारच लहान आणि एक फारच मोठं असेल तर ती एकाच वेताची आहेत का? कोणी खोकतंय, शी पातळ आहे, कोणी खेळ सोडून एकटं झोपलंय? वेतातलं एक आजारी असेल तर "ते सोडून दुसरं घ्या" हा सल्ला मानू नका. पार्व्होची लक्षणं दिसायला बहुतेक चार ते सात दिवस लागतात. आज उड्या मारणाऱ्या भावाच्या पोटात तो आधीच शिरलेला असू शकतो. दोन आठवडे थांबा, मग या.

हातात घेऊन तपासणी

पिल्लू मांडीवर घ्या आणि नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवा.

नाक ओलं, पण वाहतं नको. पग किंवा शित्झू असेल तर नाकपुड्या उघड्या आहेत का बघा. श्वास घेताना त्या आत चिकटत असतील तर पुढे उन्हाळ्यात तो जीव घोरत, धापा टाकत जगणार. डोळे स्वच्छ, पापणी आत वळून बुबुळाला घासत नाही ना? कानात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काही असेल तर कानातल्या किडी. मागून हलकी टाळी वाजवा, मान वळली पाहिजे. डाल्मेशियनमध्ये बहिरेपण जास्त, तिथे तर ही तपासणी एकटं पिल्लू घेऊनच करा, नाहीतर ते भावंडांकडे बघून वळतं.

तोंड उघडा. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबल्या की पांढऱ्या होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी. फिक्या असतील तर जंत किंवा गोचीड रक्त पिताहेत. टाळूला फट नाही ना बघा. आणि दात मोजा, मी शिकले ते इथेच. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे जवळपास सगळे 28 दात आलेले असतात. फक्त पुढचे बारीक दात आणि सुळे असतील, मागे नुसती हिरडी असेल, तर ते दोन महिन्यांचं नाही, कार्डावर काहीही लिहिलेलं असो. लॅबचं पिल्लू या वयात साधारण साडेचार ते साडेसहा किलो भरतं.

पोट जेवल्यावर फुगतं, पण बरगड्या दिसतायत आणि पोट नगाऱ्यासारखं ताणलंय म्हणजे जंत. बेंबीवर मऊ गोटी लागली तर हर्निया. छोटा असेल तर बहुतेक वेळा बिघडत नाही, डॉक्टरांना दाखवून ठरवा. नर असेल तर दोन्ही अंड खाली उतरलीत का चाचपा. आठ आठवड्यांना ती सहसा हाताला लागतात. केस उलटे फिरवून कातडी बघा, काखेत आणि कानामागे गोचिडी, शेपटीच्या मुळाशी पिसवा. डोळ्यांभोवती किंवा पंजांवर गोल टक्कल पडलेलं असेल तर लूत. शेवटी फरशीवर सोडून चालू द्या. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतंय का? पॉमेरेनियन मध्येच एक पाय वर घेऊन लंगडी घालत असेल तर गुडघ्याची वाटी सरकतेय.

कुठलं घ्यायचं

इथे फार डोकं चालवू नका. "जे पहिलं धावत येतं ते घ्या" म्हणतात, पण ते बहुतेक वेळा वेतातलं सगळ्यात आगाऊ असतं आणि पुढे आजीआजोबांच्या हातून दोरी ओढून नेतं. कोपऱ्यात थिजून बसलेल्या पिल्लाची दया येते. ती येऊ द्या, पण घरात पहिल्यांदाच कुत्रा येत असेल तर त्याला अनुभवी घर मिळू द्या. मधलं कुठलंही घ्या: येतं, हुंगतं, उचललं की क्षणभर वळवळतं आणि मग हातात सैल पडतं. जमिनीवर किल्ल्या टाका. दचकायला हरकत नाही, दचकून पुन्हा किल्ल्यांपाशी आलं की झालं. एका दिवसाच्या परीक्षेवरून मोठेपणीचा स्वभाव ठरत नाही, त्यामुळे महिनाभर पिल्लांत वावरलेल्या माणसाचं मत माझ्यामते तुमच्या पंधरा मिनिटांपेक्षा मोलाचं. मामी डोळे मिटून सांगायची, "निळा भांडकुदळ आहे, पिवळी शहाणी आहे."

बारकं पिल्लू घ्यावं का? वजनाचा तक्ता चढता असेल आणि डॉक्टरांना हृदयात आवाज ऐकू आला नसेल तर खुशाल घ्या. आम्ही हिरवा आणला. आज 31 किलोचा आहे आणि सोफ्यावर आम्हाला जागा देत नाही.

कागद

लसीच्या कार्डावर तारीख, बाटलीवरचं स्टिकर, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का हवा. नुसतं पेनने लिहिलेलं कार्ड रद्दीत. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला झालेलं असावं. आठ आठवड्यांच्या पिल्लाची एक लस झालेली पुरेशी. पुढचे डोस दर तीनचार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. "दोन झाल्या, आता काही नको" ऐकू नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला मध्येच खाऊन टाकते, म्हणून सोळाव्या आठवड्याचा डोस सगळ्यात कामाचा. रेबीजची लस तीन महिन्यांना. पावसाळ्यात पुण्यात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही असतं, तेव्हा लेप्टोचीही (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लस विचारून घ्या.

केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर असतील तर त्यावरून वंशावळ कळते, तब्येत नाही. मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर स्कॅनरने वाचून कागदाशी जुळवा. आणि वजनांचा तक्ता ठेवलाय का, विचारा. कुठल्याही छापील पेपरपेक्षा मला तो जास्त आवडतो.

घरी आल्यावर

दोन दिवसांत तुमच्या डॉक्टरांकडे, आणि परत द्यायची वेळ आली तर काय, हे पैसे देतानाच लिहून घ्या. दवाखान्यात पिल्लू जमिनीवर सोडू नका. ब्रीडरकडचंच खाणं आठवडाभर चालू ठेवा, मग हळूहळू बदला. महापालिकेचा परवाना लागतो. त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र हवं, म्हणून लस झाली की लगेच काढा. आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर त्याच घरात लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका. तो विषाणू फटीत, मातीत महिनोन्महिने टिकतो. फिनेलला दाद देत नाही, ब्लीचला देतो. आम्ही म्हणूनच वर्ष थांबलो.

सोळा आठवड्यांपर्यंत सोसायटीच्या बागेत चालवायचं नाही, पण कोंडूनही ठेवायचं नाही. तीन ते चौदा आठवडे हे जग ओळखायचं वय. कडेवर घेऊन फिरवा: रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस. आषाढ-श्रावणात पिल्लू आणलंत तर नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालू असतो. लांब पुलावर उभं राहून, खाऊ भरवत, पाच मिनिटं ऐकवा. कान मागे गेले की आणखी लांब जा. दुसऱ्या दिवशी दहा पावलं जवळ.

येताना आईच्या अंगावर घासलेला जुना टॉवेल मागून आणा आणि अंथरुणात ठेवा. पहिल्या रात्री ते रडणारच. खोकं तुमच्या पलंगाशी घ्या, हात खाली सोडा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोनतीन तासांपलीकडे सू धरून ठेवता येत नाही, तेव्हा रात्री दोनचा आणि पाचचा गजर लावा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या आठवड्यात हिरवा लिफ्ट यायच्या आत मोकळा व्हायचा, म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात रद्दी पसरून ठेवली.